उल्काखुणा : लेखांक ६ – खडखडीत गोलाईतलं गोडं पाणी

गेल्या आठवड्यात आपण लोणारच्या विवरातल्या खाऱ्या, उग्र वासाच्या सरोवराकाठी नाकाला रुमाल लावून उभे होतो. आज रुमालाची गरज नाही, स्वेटर मात्र लागेल. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या पार उत्तरेला, औषधालाही झाड नाही अशा टुंड्रा प्रदेशात पिंग्वालुइट हे विवर आहे. वय सुमारे १४ लाख वर्षं, व्यास साधारण ३.४ किलोमीटर, म्हणजे लोणारच्या जवळपास दुप्पट.

जून १९४३मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून त्याचे फोटो निघाले. भोवतालची असंख्य तळी वेडीवाकडी आणि हे एकच कंपासनं काढल्यासारखं गोल! त्याला ‘शोध’ म्हणणं मला पटत नाही. तिथल्या इनुइट लोकांना ते आधीपासून ठाऊक होतंच. १९५०मध्ये फ्रेड चब नावाच्या खनिजशोधकाची नजर या फोटोंवर गेली आणि त्याला वाटलं, दक्षिण आफ्रिकेत हिरे निघतात तसलंच हे ज्वालामुखीचं तोंड असणार. टोरोंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमचे बेन मीन यांना त्यानं गाठलं आणि दोघं विमानानं तिथं पोचले. हिऱ्यांची आशा मावळली. मीन यांना मात्र ही करामत उल्केची आहे अशी खात्री वाटू लागली. पुढच्या वर्षी ते सुरुंग हुडकण्याची लष्करी यंत्रं घेऊन उल्केचं लोखंड शोधायला गेले, पण तिथल्या ग्रॅनाइटमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकी लोहखनिज भरलेलं. त्या यंत्रांचा काही उपयोग झाला नाही. खरं तर एवढ्या मोठ्या आघातात उल्केची बहुतेक वाफच होते. साक्ष द्यायला उरतो तो मार खाल्लेला खडक. इथंही वितळून थिजलेले दगड पुढे सापडले आणि विवराचं वय त्यांच्यावरूनच ठरलं.

मला मोह पडतो तो पाण्याचा. लोणारला गोमुखाची धार आणि ओढे येऊन मिळतात, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी तापवून तापवून बंबाच्या बुडाशी पांढरा थर धरतो, तसंच हे. पिंग्वालुइटलाही बाहेर वाहणारा ओढा नाही, पण आत येणाराही नाही. विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे १६० मीटर उंच, त्यामुळे आत येतं ते फक्त पावसाचं आणि बर्फाचं पाणी. वाटेत माती नाही, तेव्हा क्षार आणणार कोण? त्यात थंडीमुळे बाष्पीभवनही बेताचंच. अडीचशे मीटरहून खोल असलेल्या या सरोवरात लिटरमागे क्षार भरतात जेमतेम ३ मिलिग्रॅम. आपल्या बाटलीबंद पाण्यातसुद्धा याहून जास्त असतात.

इतक्या निर्मळ पाण्यात खायला फारसं काही नसतं. तिथं माशांची एकच जात आहे, आर्क्टिक चार. डोकं मोठं, अंग हडकुळं. आणि हे मासे एकमेकांनाही खातात.