रात्रीची दुचाकी – भाग ६ : धुक्यात डिप्परच का?

पावसाळ्यात आंबोली, माळशेज किंवा वरंधा घाटात जे धुकं लागतं, तो बहुतेक वेळा डोंगराला टेकलेला ढगच असतो. समुद्राकडची ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. म्हणून एका वळणापर्यंत रस्ता स्वच्छ असतो आणि पुढच्या वळणावर काहीच दिसत नाही. अशा वेळी डावा अंगठा अप्परच्या बटणाकडे जातो. मागच्या भागात समोरून येणाऱ्या गाडीच्या झगमगाटाबद्दल लिहिलं होतं. धुक्यात डोळे दिपवतो तो आपला स्वतःचाच हेडलाइट.

धुक्यातला थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग. त्याच्यावर पडलेला उजेड बराचसा पुढेच जातो, थोडाच मागे वळतो. पण हा थोडा उजेडही आपल्याला भारी पडतो, कारण ज्या रस्त्याकडे आपण डोळे लावून बसलेलो असतो तिथून परत येणारा उजेड त्याहून कमी असतो. ओलं डांबर मुळातच काळं, त्यातून त्याच्यावर पडलेला बराच उजेड पुढच्या दिशेला निसटतो. उरलेल्याला जाता-येता दोन्ही वेळा धुकं पार करावं लागतं. जवळचे थेंब मात्र दिव्याच्या तोंडाशीच असतात. किरणांची तीव्रता सारखी धरली, तर दोन मीटरवरच्या थेंबावर आठ मीटरवरच्या थेंबाच्या सोळा पट उजेड पडतो. समोर जी पांढरी भिंत उभी राहते, ती या जवळच्या थेंबांची.

दुचाकीवर हे जास्त जाणवतं, कारण दिवा आणि डोळे फार जवळ असतात. चालवणाऱ्याचे डोळे जमिनीपासून १.४ मीटरवर आणि हेडलाइट ९० सेंटिमीटरवर धरू. नजर वीस मीटर पुढच्या रस्त्यावर आहे. डिप्परच्या झोताची वरची कड दर मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरत असेल, तर आपली नजर त्या झोताला सुमारे आठ मीटरवर भेटते. तोपर्यंतचं धुकं अंधारातच राहतं, आणि तेच आपल्या फायद्याचं. अप्पर लावला की उजेड वरही पसरतो आणि नजर दोन-तीन मीटरांतच पेटलेल्या धुक्यात शिरते. तोच डिप्परसारखा झोत ४० सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्यातून सोडला, तर ही भेट सोळा-सतरा मीटरवर जाते. फॉग लाइट खाली बसवायचा आणि त्याचा झोत रुंद, चपटा, वरून कापलेला ठेवायचा, तो याचसाठी. हौसेनं हँडलजवळ बसवलेले जादा दिवे कोरड्या हवेत कितीही लांब मारोत, धुक्यात ते अप्परचंच काम करतात.

ट्रकचालक याच धुक्यात आपल्यापेक्षा निर्धास्त दिसतो, यामागेही थोडीफार हीच भूमिती आहे: त्याचे डोळे दिव्यांच्या बरेच वर असतात. त्याच्या मागच्या लाल दिव्याला धरून त्याच्याच वेगानं निघू नये.

डिप्परची ती वरची कड शाबूत असेल, तरच वरचा हिशेब खरा. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बसवलेल्या एलईडी बल्बची. एचएस-१ बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तार नेमक्या जागी आणि खाली ती वाटी, असं धरून मागचा परावर्तक घडवलेला असतो. एलईडीची उजेड देणारी जागा थोडी जरी सरकली, तरी कड फिसकटते आणि डिप्परवरही उजेड वर उडतो. भिंतीवर तो झोत लख्ख दिसतो, म्हणून दुकानात पसंतही पडतो. मागे माणूस किंवा सामान असलं की मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचा दिवा वर बघू लागतो आणि परिणाम तोच होतो. घाटात निघण्यापूर्वी, सगळं वजन लादलेलं असताना, झोत भिंतीवर पाडून पाहावा आणि स्क्रूनं खाली घ्यावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे जण ते करतात.

पिवळा दिवा धुकं भेदतो, असं हमखास सांगितलं जातं. तसं होत नाही. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा वीसएक पट मोठा असतो आणि तो सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत कित्येक दशकं हेडलाइट पिवळे असत, तरी धुक्यापुरतं भौतिकशास्त्र तिथेही वेगळं नव्हतं. निळसर पांढरा झगमगाट डोळ्यांना जास्त खुपतो, म्हणून पिवळा पुष्कळांना सुसह्य वाटतो, हे खरं. त्यानं जास्त लांबचं दिसत नाही.

आता वेग. डिप्परवर वीस मीटर दिसत असेल आणि गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली असेल, तर ती सेकंदाला अकरा मीटर जाते. समोरची म्हैस दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर सोळा-सतरा मीटर तिथेच संपतात. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पंधरा लागतात. ताशी २५ ला हीच बेरीज सोळा-सतरा मीटरांत बसते. दिसणं याहूनही कमी झालं, तर वळणावर नव्हे, रस्त्याला रुंद जागा मिळेल तिथे डांबर पूर्ण सोडून गाडी उभी करावी आणि आपण गाडीपासून दूर, कठड्याच्या बाजूला थांबावं.

हेल्मेटच्या काचेवर आतून श्वासाची वाफ आणि बाहेरून पाणी जमतं, त्याचा उपाय वेगळा आहे. तो पुढच्या भागात.