वळणापलीकडचा ब्रेक

महूहून आग्रा-मुंबई रस्त्याने मुंबईकडे निघालात की मानपूरनंतर माळव्याचं पठार संपतं आणि घाट निमाडात उतरू लागतो. समजा, पुढच्या वळणापलीकडे एका ट्रकने करकचून ब्रेक दाबला. त्याचे लाल दिवे डोंगराआड. तुम्हाला ते कळणार कसं?

त्या ट्रकनेच तुमच्या गाडीला सांगितलं तर? वाहनांच्या आपसातल्या रेडिओ-संवादाचं तंत्र नेमकं हेच करतं! प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती थेट जाहीर करते. मध्ये मोबाइल टॉवरची गरज नाही. ३०० मीटर अंतर कापायला रेडिओलहरीला लागतो सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्यात ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी किती सरकते? केसाच्या जाडीपेक्षाही कमी! आणि सावध चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद जरी लागला, तरी तीच गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते.

पण निरोप पोचला, याची खात्री काय? महूत लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लष्करी बिनतारी संभाषणात ऐकणारा ‘रॉजर’ म्हणतो, तेव्हा संदेश मिळाल्याचं कळतं. गाड्यांना ही चैन परवडत नाही. भोवतालच्या शंभर गाड्यांनी प्रत्येक निरोपाला ‘रॉजर’ म्हटलं, तर त्या गलक्यात खरा इशाराच बुडेल. म्हणून इथे पोचपावती मागायचीच नाही. निरोप पुन्हा पुन्हा पाठवायचा. समजा, निम्मे निरोप वाटेत हरवले. तरी लागोपाठ पाच हरवण्याची शक्यता ३२ मध्ये एक. म्हणजे इतक्या बेभरवशाच्या लहरींवरही अर्ध्या सेकंदात बहुधा बातमी पोचतेच!

मात्र या हिशेबात एक गृहीत आहे: प्रत्येक निरोपाचं नशीब वेगळं. घाटात तसं नसतं. डोंगर आड आला की पाचही निरोप एकाच कारणाने अडू शकतात. शिवाय सगळ्या वर्गाने एकदम ‘हजर’ म्हटलं तर गुरुजींना एकही नाव ऐकू येत नाही, तशा लहरीही एकमेकींवर आदळतात. म्हणून एका पद्धतीत गाडी आधी ऐकते, हवा मोकळी वाटली तरच बोलते. पण वळणाच्या दोन टोकांच्या गाड्यांना एकमेकींचा आवाजच पोचत नसेल तर? दोघींनाही हवा मोकळी वाटते, दोघी एकदम बोलतात आणि मधल्या गाडीला काहीच कळत नाही.

२०१७ च्या सुमारास मोबाइल तंत्रज्ञानातून आलेली पद्धत आणखी चतुर आहे. गाडी मागच्या एका सेकंदात हवेत काय चाललं होतं ते पाहते, पुढे कुठल्या क्षणी जागा रिकामी असेल याचा अंदाज बांधते आणि ती जागा काही काळ स्वतःसाठी धरून ठेवते. कुणी मुख्य नियंत्रक नाही, तरी बोलण्याच्या पाळ्या लागतात! गर्दी वाढली की गाड्या कमी वेळा बोलू लागतात. प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते, म्हणजे कुणी खोटा ब्रेक ‘दाबू’ नये.

आणि हे सारं जमलं तरी एक गणित उरतंच. बोलायला दोघे लागतात. दहापैकी एकाच गाडीत यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता शंभरात एक. निम्म्या गाड्यांत बसवलं, की शंभरात २५. गाड्या पाचपट, उपयोग पंचवीसपट! म्हणूनच सुरुवात घाटातल्या ट्रक-बसपासून, पण त्या सगळ्यांत एकदमच करावी. इथे प्रत्येक नवं यंत्र आधी बसवलेल्या साऱ्या यंत्रांची किंमत वाढवतं.