पोळ्याच्या बैलाला घरचे रंग

पोट्टेहो, पोळा जवळ आला की शाळेत बैलाचं चित्र रंगवायला मिळतंच. कागदभर छापलेला बैल, मोठी शिंगं, वशिंड, पाठीवर झूल आणि आपल्या हातात रंगीत खडूंची पेटी. यंदा ती पेटी राहू द्या दप्तरात. अकोल्या-अमरावतीकडच्या स्वयंपाकघरात, अंगणात आणि शेताच्या धुऱ्यावर जे रंग सापडतात, तेवढ्यांत अख्खा बैल सजतो. त्यातला एक तर तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो!

आधी चित्र. ते घरच्या प्रिंटरवर छापू नका, झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणा. काहून? घरगुती प्रिंटरची शाई बऱ्याचदा पाण्यात कालवलेली असते. ओला ब्रश फिरला की रेषा पसरतात. झेरॉक्सच्या यंत्रात ओली शाई नसतेच, तिथं असते प्लॅस्टिकची अगदी बारीक काळी पूड. विजेच्या भारामुळे ती नेमकी रेषांच्या जागी जाऊन बसते, मग कागद तापलेल्या रुळाखालून जातो आणि पूड वितळून घट्ट चिकटते. म्हणून तर ताजी झेरॉक्स हाताला कोमट लागते. त्या रेषेवर खुशाल पाणी फिरवा, ती हलायची नाही.

रंगवायला बैलाच्या खांद्यापासून सुरुवात करू, कारण खरा पोळाही तिथूनच सुरू होतो. आदल्या दिवशी बैलांना धुऊन, जू ओढून दुखावलेल्या त्यांच्या खांद्याला हळद आणि तूप लावून शेक देतात. वर्षभराच्या कष्टाचं देणं असं हातानं फेडायचं असतं. मला हा पोळ्याचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, मिरवणुकीपेक्षाही सुंदर.

हळद पाण्यात कालवली तर गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी फिकटच राहतं. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन नावाचा पदार्थ. तो पाण्यात जेमतेम विरघळतो, पण तेलात आणि अल्कोहोलमध्ये मजेत विरघळतो. म्हणून चमचाभर हळदीत थोडं हात स्वच्छ करायचं पातळ सॅनिटायझर घाला. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि गॅसपासून लांब बसा, कारण सॅनिटायझर पेट घेतं. झकास पिवळा रंग तयार! खांदा आणि झूल त्यानं रंगवा आणि पूर्ण वाळू द्या.

आता गंमत. कपडे धुवायच्या साबणाची वडी थोड्या पाण्यात घोळवा. त्या पाण्यात कापूस गुंडाळलेली काडी बुडवून पिवळ्या झुलीवर फुलं काढा, नागमोडी रेघा काढा. बघा, बघा! पाणी टेकलं तिथं पिवळ्याचं लाल झालं! भाजीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, तो याच कारणानं. कर्क्युमिन पांढऱ्या उजेडातला निळा भाग गिळतं, म्हणून उरलेला उजेड आपल्याला पिवळा दिसतो. साबण आम्लारीधर्मी आहे. आम्लारी भेटला की कर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजनचा कण निसटतो. मग ते निळ्यासोबत हिरवाही उजेड गिळू लागतं आणि डोळ्यांत येतो तो लाल. त्या लाल फुलावर लिंबाचा एक थेंब टाका. फूल पुन्हा पिवळं! पूर्वी हळदीपासून कुंकू करायचे, त्यामागं हीच करामत. देव्हाऱ्यातल्या दोन कोयऱ्या, एकीत हळद, एकीत कुंकू, खरं तर सख्ख्या बहिणी आहेत.

अंगाला गेरू. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाचाच भाऊ, लोह आणि ऑक्सिजन मिळून झालेली लाल माती. तुळशीवृंदावनाला, भिंतीला लावतात तीच. शिंगांना पूर्वी हिंगूळ लावत, पण खऱ्या हिंगुळात पारा असतो, तो विषारी. त्याला हात लावायचा नाही. आपल्या बैलाच्या शिंगांनाही गेरूच लावू. नुसता गेरू वाळल्यावर झडतो, म्हणून त्यात बाभळीचा डिंक भिजवून घाला. चित्रकारांच्या चांगल्या जलरंगांतही बाभळीच्या एका जातभाईचाच डिंक असतो. डोळे आणि खूर काळे करायला दिव्याची काजळी घ्या, तिलाही हाच डिंक.

गेरू किती टिकतो ठाऊक आहे? मोर्शीच्या उत्तरेला सातपुडा चढला की मध्य प्रदेशच्या हद्दीत, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळ गावाजवळ अंबादेवीच्या गुहा लागतात. तिथल्या कातळांवर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी प्राण्यांची चित्रं काढली, त्यातली कितीतरी लाल रंगात. अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी 2007 मध्ये ती शोधून जगापुढं आणली. जंगल तुडवत फिरणाऱ्या, आपल्याच भागातल्या माणसांनी!

मग हळद टिकेल का? स्वतःच तपासा. दुसऱ्या कागदावर एक पट्टा हळदीचा आणि एक गेरूचा ओढा. दोन्हींचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानं झाका आणि कागद उन्हाच्या खिडकीत ठेवा. काही दिवसांनी पुठ्ठा उचला. ऊन कर्क्युमिनचे रेणू तोडतं. गेरूचं ऊन आणखी काय बिघडवणार, तो तर आधीच गंजलेला!

राहिला कपाळावरचा गोंडा. तो कोराच ठेवा, कारण त्याचा रंग अजून झाडावर यायचाय. पोळ्याला विदर्भात दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. हाच पळस फाल्गुनात पानं गाळून केशरी फुलांनी भरून जातो. मेळघाटात, चिखलदरा आणि धारणीकडे, कोरकू लोकांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे होळी, आणि नेमका तेव्हाच तिथला डोंगर पळसानं पेटलेला असतो. झाडाखाली सांडलेली फुलंच वेचा. वरच्या फुलांतला मध सूर्यपक्ष्यांसाठी आणि साळुंक्यांसाठी आहे. फुलं रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी आईला नाहीतर बाबांना उकळून द्यायला सांगा. पिवळट केशरी रंग निघेल. त्यात त्यांच्याच हातून चिमूटभर चुना पडू द्या, चुना कातडीला भाजतो. रंग गडद होईल. आता काढा तो बैलाचा कागद आणि रंगवा गोंडा.