तुळशीत भांग, पण कायद्याच्या कुंडीत

‘तुळशीत भांग उगवली हो!’ चांगल्या घरातल्या वाया गेलेल्या मुलाबद्दल आपण किती सहज असं म्हणून मोकळ्या होतो! मीही जन्मभर म्हणत आले. पण मैत्रिणींनो, २०२४ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे कॅनडाला गेले आणि तिच्या शेजाऱ्यांच्या परसात टोमॅटोच्या वाफ्याला लागून खरोखरीची गांजाची झाडं डोलताना पाहिली. मी आपली डोळे विस्फारून बघतेय, तर लेक हळूच म्हणाली, “आई, अशी टक लावून बघू नकोस गं. चारच आहेत. चारांची परवानगी आहे.”

परवानगी! गांजाची!

तुम्हाला वाटेल, आता ही बाई ‘काय बाई तिकडची थेरं’ म्हणून नाकं मुरडणार. पहिले आठ दिवस मी तेच केलं. पण नंतर आमच्याच घरात असं काही घडलं की, नाक मुरडणंही थांबलं आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणणंही जमेना. ते तुम्हाला सांगावं, म्हणून हा लेख. आपल्यापैकी कितीजणींची मुलं आज तिकडे शिकताहेत, संसार करताहेत. आणि बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला आपणच जातो, नाही का?

कायदा काय म्हणतो?

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून मौजेखातर गांजा ओढायला कायद्याने मुभा आहे. असं करणारा तो जगातला दुसरा देश. पहिला दक्षिण अमेरिकेतला छोटासा उरुग्वे. त्याने २०१३ सालीच तसा कायदा केला होता.

मुभा म्हणजे मोकळं रान मात्र नव्हे हं! सज्ञान माणसाने बाहेर जाताना जवळ ३० ग्रॅमपर्यंतच सुका गांजा बाळगायचा. घरटी झाडं चार. क्वेबेक प्रांताने तीही लावू दिली नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला. वयाची अट प्रांताप्रांताची वेगळी. लेकीच्या ऑन्टॅरिओत १९ वर्षं पूर्ण हवीत, तर क्वेबेकने २०२० पासून ती २१ वर नेली. लहान मुलाला कुणी विकला किंवा दिला, तर चौदा वर्षांपर्यंत तुरुंग!

आणि आपण? आपलेही हात या बाबतीत अगदी कोरडे नाहीत बरं. शिवरात्रीची भांग आणि होळीची थंडाई आपल्याला का ठाऊक नाही? गोऱ्या साहेबाने १८९३-९४ साली आपल्याकडच्या भांग-गांजाची चौकशी करायला मोठा आयोग नेमला होता. बेताच्या सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदीपेक्षा कर आणि परवाने यांनी आवर घालावा, असाच निष्कर्ष त्याने काढला. पुढे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आली. भांगेची नुसती पानं त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली आणि त्यांचं काय करायचं हे राज्यांवर सोपवलं गेलं. तेव्हा तिकडे मुभा असली, तरी आपल्याकडे गांजा जवळ बाळगणं हा गुन्हाच आहे, हे पक्कं ध्यानात ठेवा.

दुकान की सराफाची पेढी?

मिसिसॉगा हे लेकीचं गाव टोरांटोला अगदी लागून आहे. तिथल्या नगरपालिकेने सुरुवातीला अशी दुकानं नकोच म्हटलं होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी विचार बदलला. आता लेकीच्या वाण्याच्या रांगेतच एक दुकान आहे. काचा धुरकट, बाहेरून आतलं काही दिसू नये म्हणून. मी जावयांना म्हटलं, “मला एकदा आतून बघायचंय.” ते बिचारे इतके संकोचले! पण नेलं.

मला वाटलं होतं, अंधार असेल, धूर असेल, चार गांजेकस भिंतीला टेकून बसलेले असतील. छे! लख्ख दिवे, पुसलेली फरशी आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली हसरी मुलगी. तिने आधी जावयांचं वय दाखवणारं कार्ड पाहिलं. माझे पिकलेले केस पाहून मला मात्र काही विचारलं नाही! गिऱ्हाईक कोण, तर नर्सचा पोशाख घातलेली एक बाई, हातात कुत्र्याची दोरी असलेले एक आजोबा आणि दोन कॉलेजातली मुलं. माल साध्या पाकिटांत, त्यावर पिवळ्या चौकटीत धोक्याची सूचना आणि लाल रंगाचं चिन्ह. पाकीट असं की लहान मुलाला उघडता येऊ नये. मलाही उघडलं नसतं!

मनात आलं, चोरून विकणारा कोपऱ्यावरचा दादा वय विचारत नाही, पाकिटात काय आहे तेही सांगत नाही. या मुलीने दोन्ही केलं. मग हे बरं की वाईट?

त्या शनिवारी

आता मूळ गोष्ट. लेकीच्या घराच्या तळघरात एक विद्यार्थी भाड्याने राहत होता. आपल्याच नाशिककडचा. मला ‘काकू, काकू’ करायचा. रविवारी पोहे खायला वर यायचा. त्याचा फ्रीज बिघडला, म्हणून आमच्या फ्रीजमधला खालचा एक कप्पा लेकीने त्याला दिला होता.

शनिवारची दुपार होती. माझा चार वर्षांचा नातू संध्याकाळच्या सुमारास पेंगायला लागला. मला वाटलं, उन्हात खेळलाय, दमला असेल. पण उठवायला गेले, तर पाय लटपटताहेत, डोळे जड, हाक मारली की उगीच हसतोय आणि पुन्हा मान टाकतोय. काळजात धस्स झालं. लेकीने त्याला उचललं, जावयांनी ९११ ला फोन लावला. आमची धावपळ ऐकून तो मुलगा वर आला. ओट्यावर झाकण उघडलेला एक लहानसा स्टीलचा डबा होता. तो बघितला मात्र, आणि पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या डब्यात गांजाच्या अर्काच्या, चघळायच्या गोळ्या होत्या. दिसायला आपल्या लिमलेटच्या गोळ्यांसारख्याच, लाल आणि पिवळ्या. डबा त्याच्या आईने लाडू भरून दिलेला. लाडू संपले आणि त्यात या गोळ्या आल्या.

तो म्हणाला, “काकू, माझ्या आहेत. तीन कमी आहेत.” आणि कचऱ्याच्या पिशवीतून रिकामी पाकिटं शोधून त्याने रुग्णवाहिकेतल्या माणसांच्या हातात दिली.

हॉस्पिटलात उतारा म्हणून द्यायला काही औषध नव्हतं. श्वास आणि नाडी यांवर लक्ष ठेवायचं, रक्तातली साखर बघायची आणि वाट पाहायची. त्या रात्री लेक एका बाजूला, मी एका बाजूला. यंत्राचा टिकटिक आवाज तेवढा. दुसऱ्या दिवशी दुपारी नातवाने डोळे नीट उघडले आणि “आजी, भूक लागली” म्हणाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिथल्या समाजसेविकेने घरात अशा वस्तू कुठे ठेवता, याची चौकशी केली. रागावली नाही, पण सगळं लिहून घेतलं.

दोष कुणाचा?

पहिला राग अर्थातच त्या मुलावर. दुसरा त्या कायद्यावर. पण मैत्रिणींनो, शांतपणे विचार केला तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली ही, की कायद्याने इथे एक नव्हे, दोन कुलुपं लावली होती. खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात नशेचं द्रव्य एकूण १० मिलिग्रॅमच, हे एक कुलूप. मुलाला न उघडणारं पाकीट, हे दुसरं. त्या पोराने चार-पाच पाकिटं एका डब्यात ओतली आणि दोन्ही कुलुपं एकदमच काढून टाकली. आपण बायका नाही का, दुकानातून आणलेलं सगळं डब्यांत भरून ठेवतो? ती सवय त्याने आईकडूनच उचललेली. पण डाळ-साखरेची रीत या वस्तूला लागू नाही.

आणि हे आमच्याच घरात झालं असं नाही. खाण्याचे पदार्थ २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कायदेशीर झाले आणि वर्षअखेरीस दुकानांत आले. त्यानंतर ऑन्टॅरिओत दहा वर्षांखालच्या मुलांना अशा विषबाधेमुळे तातडीच्या विभागात आणण्याचं दरमहा प्रमाण कायद्यापूर्वीच्या सुमारे नऊपट झाल्याचं तिथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं. क्वेबेकने मुलांना भुरळ घालणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांना पहिल्यापासून मनाई केली. तिथे मुलांना हॉस्पिटलात ठेवावं लागण्याचं प्रमाण इतर प्रांतांइतकं वाढलं नाही. म्हणजे मुभा द्यायची की नाही एवढाच प्रश्न नाही, कशाला द्यायची आणि कशाला नाही हाही आहेच.

दुसरी गोष्ट मात्र उलट्या बाजूची. तो मुलगा क्षणात खरं बोलला. का? तर पोलिसांची भीती नव्हती म्हणून. हेच जर गुन्ह्यात मोडत असतं, परदेशी शिकायला आलेल्या त्या पोराने ‘मला काय ठाऊक’ म्हटलं असतं, तर? डॉक्टर तासन् तास चाचपडत बसले असते. कॅनडात कायद्यापूर्वी २०१६ या एका वर्षात केवळ गांजा जवळ बाळगल्याबद्दल १७ हजारांहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले होते. एकदा नावावर डाग लागला की नोकरी नाही, परदेश प्रवास अवघड. २०१९ मध्ये सरकारने तो डाग फुकट पुसून द्यायची सोय केली, पण तिचा फायदा फार थोड्यांनी घेतला.

बरं, सगळा देश नशेत बुडाला का? तसंही नाही. सरकारी पाहणीत वर्षभरात एकदा तरी गांजा घेतला म्हणणारे २०१८ मध्ये शंभरात २२ होते, २०२३ मध्ये २६. वाढ आहे, पण पूर आलेला नाही. काळजी वाटते ती १६ ते १९ वयाच्या मुलांची. त्यांच्यात दहांतली सुमारे चार जणं घेतात, असं ती पाहणी सांगते. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. लहान वयात रोजची सवय लागली तर भ्रम-भासांच्या मानसिक आजाराचा धोका वाढतो, असं डॉक्टर बजावतात. कायदेशीर म्हणजे निर्धोक नव्हे. दारूच्या बाबतीत हे आपल्याला का कुणी शिकवायला हवं?

तिकडे जाणार असाल तर

अनुभवाने शहाणी झाले, म्हणून चार गोष्टी सांगते. लिहून फ्रीजवर चिकटवा.

१. कुणाच्याही घरी उघडी ठेवलेली गोळी, केक, चॉकलेट विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका, नातवंडांना देऊ नका. विचारायला लाजू नका.

२. घरात अशी वस्तू असेलच, तर ती मूळ पाकिटात, उंचावर, कुलपात. खाण्याच्या फ्रीजमध्ये मुळीच नको.

३. ओढलेल्या गांजाचा अंमल मिनिटांत चढतो. खाल्लेल्याचा अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही, आणि पुढे बारा तासही राहू शकतो. ‘काही झालं नाही’ म्हणून आणखी खाणारेच फसतात. मूल पेंगू लागलं, तोल जाऊ लागला, तर थांबू नका, ९११ फिरवा आणि काय खाल्लं ते खरं सांगा.

४. गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असताना ही वस्तू वर्ज्य. ‘झाडपाल्याचं औषध आहे’ असं कुणी म्हणालं, तरी ऐकू नका.

५. गांजाच्या अंमलाखाली गाडी चालवणं हा तिथे २०१८ च्या डिसेंबरपासून दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. जो अजून नागरिक झालेला नाही, त्याचा कायम वास्तव्याचा हक्कही त्यापायी जाऊ शकतो. मुलांना हे जरूर सांगा.

६. परत येताना सामानात यातलं काहीही नको. गोळी नको, तेल नको, मलम नको. देशाची हद्द ओलांडून नेणं तिथेही गुन्हा आणि इथेही.

शेवटचं थोडंसं

नातू घरी आला त्या संध्याकाळी तो मुलगा जिन्यात बसला होता. डोळे सुजलेले. म्हणाला, “काकू, माझ्या आईला सांगू नका. तिला वाटेल, मी वाया गेलो.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण तो म्हणाला की थंडीचे सहा महिने, रात्रपाळीची नोकरी, झोप येत नाही, म्हणून सुरू केलं. एकेक म्हणता म्हणता रोजचं झालं. ‘कायदेशीरच आहे’ म्हणून कुणी विचारलं नाही, आणि आईला सांगायची सोय नाही.

मी त्याला म्हटलं, “मी सांगणार नाही. तू सांगायचंस. फोनवर नाही जमलं तर लिही.” लेकीने त्याला घर सोडायला सांगितलं, आणि आईच्या काळजाने मला तिचं चुकलं असं वाटत नाही. पण कॉलेजातल्या समुपदेशकाकडे त्याला पहिल्यांदा जावईच गाडीत घालून घेऊन गेले.

जाताना तो स्टीलचा डबा ओट्यावर ठेवून गेला. मी तो घासला, त्यात बेसनाचे लाडू भरले आणि त्याच्या नव्या पत्त्यावर पाठवले. आईला त्याने लिहिलं की नाही, मला ठाऊक नाही. पण मैत्रिणींनो, तुमचं लेकरू तिकडे असेल, तर आज फोनवर ‘जेवलास का?’ च्या जोडीला एवढंही विचारा, ‘झोप लागते ना रे?’ आणि उत्तर काहीही आलं, तरी लगेच ‘तुळशीत भांग’ म्हणू नका.