जुनं वाद्य, ऑनलाइन बोली : स्वस्ताईचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून २०११ मध्ये 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन ऑनलाइन लिलावात सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरना विकलं गेलं. अंतोनियो स्त्रादिवारीने ते १७२१ साली इटलीतल्या क्रेमोनात घडवलं होतं. जपानच्या निप्पॉन म्युझिक फाउंडेशनने ते विक्रीला काढलं, तारिसिओ या लिलावसंस्थेने लिलाव केला आणि मिळालेली रक्कम त्याच वर्षीच्या भूकंप-त्सुनामीतल्या आपद्ग्रस्तांसाठी दिली गेली. आता एखाद्या सर्वसाधारण लिलाव-संकेतस्थळावर 'स्त्रादिवारियस' असं टाकून पाहा. धुळीने माखलेल्या खोक्यातली, तारा तुटलेली, पाच-दहा हजार रुपयांपासून बोली सुरू होणारी व्हायोलिनं रांगेने समोर येतात. आत चिठ्ठी तीच, नाव तेच.

या दोन टोकांच्या मध्ये खरी स्वस्ताई आहे. विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं साथ देईल असं वाद्य नव्याच्या निम्म्या किमतीत मिळू शकतं. पण त्यासाठी डोक्यातले काही पक्के समज आधी काढून टाकावे लागतात, कारण लिलावात पैसा बुडतो तो बहुतेक वेळा या समजांपायीच.

गैरसमज १ : आत स्त्रादिवारीची चिठ्ठी आहे, म्हणजे घबाड हाती लागलं.

वस्तुस्थिती : ती चिठ्ठी नमुना कोणाचा ते सांगते, वाद्य कोणी घडवलं ते नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतलं मार्कनॉयकिर्शेन आणि मिटेनवाल्ड, बोहेमियातलं शोनबाख, फ्रान्समधलं मीरकूर अशा गावांतून व्हायोलिनं घाऊक प्रमाणात बाहेर पडत होती. मार्कनॉयकिर्शेनच्या परिसरात हा घरोघरचा धंदा होता. एका घरात माना कोरल्या जात, दुसऱ्यात पाठीच्या फळ्या, तिसऱ्यात गज. व्यापारी सगळं गोळा करून जोडून घेत आणि आत लॅटिन चिठ्ठी डकवत : 'अंतोनियस स्त्रादिवारियस क्रेमोनेन्सिस', पुढे साल. अमेरिकेत सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून अशी व्हायोलिनं काही डॉलरना टपालाने घरपोच मिळत. घेणाऱ्यालाही ठाऊक असे की हा 'स्त्रादिवारी मॉडेल'चा माल आहे. पुढे दोन-तीन पिढ्यांनी माळा आवरताना ते खोकं सापडतं आणि तेव्हा ही माहिती सांगणारं घरात कोणी उरलेलं नसतं.

स्त्रादिवारीने आयुष्यभरात सुमारे १,१०० वाद्यं घडवली असावीत, त्यांतली साडेसहाशेच्या आसपास आज टिकून आहेत आणि बहुतेकांची नोंद तज्ज्ञांकडे आहे. म्हणून फोटो पाहताना चिठ्ठीपेक्षा पुढच्या खुणा शोधा.

चिठ्ठीवर इंग्रजीत 'जर्मनी' छापलेलं असेल तर वाद्य बहुधा १८९१ नंतरचं. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा नियम अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने केला, तेव्हापासून ही छपाई सुरू झाली. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ नंतरचं, कारण त्याआधी तो देशच नव्हता. स्त्रादिवारी तर १७३७ मध्ये वारला. मग कडेची दुहेरी काळी रेघ बारकाईने पाहा. चांगल्या वाद्यात ती लाकडाची बारीक पट्टी खाचेत बसवून केलेली असते, अगदी हलक्या मालात नुसती रंगाने ओढलेली. वरच्या फळीतल्या 'एफ'च्या आकाराच्या छिद्रातून मोबाइलच्या उजेडात काढलेला आतला फोटो मागा. कोपऱ्यांत लाकडी ठोकळे नसतील, आतलं लाकूड ओबडधोबड सोडलेलं असेल, तर वाद्य घाऊक मालातलं आहे, चिठ्ठी काहीही म्हणो.

गैरसमज २ : वाद्य जितकं जुनं, तितकं गोड.

वस्तुस्थिती : या समजाची रीतसर परीक्षा झालेली आहे. ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे २१ वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली : तीन नवी आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्त्रादिवारीची होती, एक ग्वार्नेरी या जुन्या इटालियन कारागिराचं. बहुतेकांनी घरी न्यायला नवं वाद्य निवडलं, आणि सर्वांत कमी पसंती मिळालेलं वाद्य स्त्रादिवारीचं होतं. पुढे पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांसह केलेल्या चाचणीत सहा जणांनी नवं वाद्य पसंत केलं. जुन्या वाद्यांचं मोल यामुळे कमी होत नाही. पण ती किंमत इतिहासाची, दुर्मीळपणाची आणि कारागिराच्या नावाची असते. कानाला गोड लागण्याची हमी त्यात नसते.

पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, बाबतीत हाच समज 'जर्मन रीड', 'पॅरिस रीड' या शब्दांतून डोकावतो. जुने रीड खरोखर उत्तम असू शकतात. मात्र रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ, आणि ती सुरात आणताना कारागीर दर वेळी थोडं पितळ खरवडतो. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. दहा हातांखालून गेलेल्या पेटीत ही जीभ इतकी झिजलेली असते की सूर टिकत नाही, क्वचित वाजवता वाजवता ती तुटते. म्हणून विकणाऱ्याकडे सुरेल गाण्याचा व्हिडिओ मागू नका. एकेक पट्टी सुटी दाबून, खर्जापासून तारापर्यंत सगळे सूर सलग ऐकवायला सांगा. भाता भरून, सगळे खटके बंद करून, काही न वाजवता तो किती वेळ हवा धरतो तेही दाखवायला सांगा. झर्रकन बसला तर चामड्याला किंवा सांध्यांना गळती आहे.

गैरसमज ३ : मोडकं दिसतं ते टाळावं, चकचकीत दिसतं ते घ्यावं.

वस्तुस्थिती : वाद्याच्या दुखण्यात डोळ्यांना मोठं वाटतं ते पुष्कळदा किरकोळ असतं, आणि नजरेआड राहतं ते खर्चिक. व्हायोलिनच्या फळ्या प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडतात. हा सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, आणि त्याने सुटावं हीच कारागिरांची योजना असते. हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं की आधी सांधा उघडतो आणि फळी वाचते. त्यामुळे कडेला फट दिसली, ब्रिज (तारांखालची घोडी) पडलेला आहे, तारा नाहीत, आतला साउंडपोस्ट (दोन फळ्यांमधली उभी काडी) खुळखुळतोय, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. जाणता कारागीर हे थोडक्या खर्चात पूर्ववत करतो. अशा वाद्यांवर बोली लावायला लोक कचरतात, आणि खरी स्वस्ताई बहुधा इथेच सापडते.

याउलट, पाठीच्या फळीवर साउंडपोस्ट टेकतो त्या जागेतून गेलेली केसासारखी बारीक चीर चकाकत्या पॉलिशखाली दिसतही नाही. तारांचा ताण ब्रिजवरून आणि साउंडपोस्टमधून नेमका तिथे उतरतो. ही चीर दुरुस्त करायची तर वाद्य उघडून आतून लाकडाचा जोड बसवावा लागतो, आणि एवढं करूनही वाद्याची किंमत निम्म्यावर येऊ शकते. वाळवी-भुंग्याची छिद्रं, बाहेरून फासलेला आधुनिक गोंद, वाकलेली मान हीसुद्धा याच जातीची दुखणी.

आणखी एक गोष्ट सगळेच विसरतात : खोक्यातला गज. बंद खोक्यात किडीची अळी गजाचे घोड्याचे केस कुरतडते, म्हणून फोटोत गज भुंडा दिसतो आणि बोली लावणारे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. केस बदलणं हे नेहमीचं काम आहे. काठी मात्र ब्राझीलच्या पेर्नांबुको लाकडाची, सरळ आणि न तडकलेली असेल, तर कधी कधी गजाचं मोल व्हायोलिनपेक्षा जास्त निघतं. गजाच्या टोकाचा आणि मुठीजवळच्या शिक्क्याचा फोटो आवर्जून मागा.

गैरसमज ४ : शेवटच्या क्षणी बोली लावली की वाद्य स्वस्तात पडतं.

वस्तुस्थिती : ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही तुमची कमाल रक्कम आधीच नोंदवू शकता. पुढचं काम यंत्रणा करते : समोरच्याच्या बोलीवर मात करायला लागेल तेवढीच ती तुमची बोली चढवते. समोरच्यानेही त्याची खरी कमाल रक्कम आधीच टाकून ठेवली असेल, तर शेवटच्या सेकंदाच्या घाईने काहीच बदलत नाही. घाईचा उपयोग होतो तो फक्त थोडी थोडी बोली वाढवत बसणाऱ्यांविरुद्ध, कारण त्यांना उत्तर द्यायला वेळ मिळत नाही. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हेच दाखवलं : ठरल्या वेळी बंद होणाऱ्या लिलावात शेवटच्या क्षणी झुंबड उडते, आणि नवी बोली आली की मुदत वाढते अशा लिलावात ती बरीच कमी असते.

घाईपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल लिहिलं की, वस्तूचं खरं मोल कोणालाच नक्की ठाऊक नसतं तेव्हा सर्वांत चढा अंदाज बांधणारा लिलाव जिंकतो. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. फोटो पाहून विकत घेतलेलं जुनं वाद्य हे त्याचं नेमकं उदाहरण. वीस जणांनी पाहून सोडून दिलेल्या आकड्याच्या वर तुम्ही गेलात, तर त्यांना दिसलेलं काहीतरी आपल्या नजरेतून निसटलं का, हे बोली लावण्याआधी तपासायला हवं.

गैरसमज ५ : परदेशातल्या लिलावात सतार-तंबोरा मातीमोल मिळतो.

वस्तुस्थिती : मिळतो, पण बहुधा शोभेचा. अमेरिका-युरोपात राहणारी मराठी कुटुंबं मुलांच्या शिकवणीसाठी अशी वाद्यं शोधतात, आणि प्रवाशांनी आठवण म्हणून नेलेल्या, भरपूर नक्षीच्या सतारी त्यांच्यासमोर येतात. त्यांच्या खुंट्या सूर धरत नाहीत, पडदे सुराच्या जागी बसत नाहीत, घोडीला जवारी काढलेलीच नसते. नक्षीकडे न पाहता दांडी सरळ आहे का, भोपळा आणि दांडीचा जोड घट्ट आहे का, तरफेच्या सगळ्या खुंट्या जागेवर आहेत का, हे पाहा. भोपळ्याला गेलेला तडा सांधता येतो, घोडीची जवारी पुन्हा काढता येते. वाकलेल्या दांडीचं मात्र फारसं काही करता येत नाही.

पेटीचं दुखणं हवामानाचं असतं. कोकणातल्या दमट हवेत घडलेली पेटी हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या घरात गेली की लाकूड आकसतं, सांधे उघडतात आणि हवा गळू लागते. परदेशातली जुनी पेटी स्वस्त दिसते त्यामागे हे कारण असू शकतं, आणि पेटी दुरुस्त करणारा कारागीर तिथे सहजासहजी मिळत नाही.

तुलनेसाठी मिरजेचा भाव विचारून ठेवा. तिथे एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं घडतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वापरले जातात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नव्या वाद्याची किंमत ठाऊक नसेल तर जुन्याची बोली स्वस्त की महाग हे कळायचंच नाही.

गैरसमज ६ : जुनं वाद्य तर आहे, त्यात कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती : जुन्या वाद्यांत हस्तिदंत, सांबरशिंग, कासवाची पाठ असे भाग असतात. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली हस्तिदंत आणि सांबरशिंगाच्या व्यापाराला बंदी आहे. ईबेने २००९ पासून हस्तिदंताची विक्री बंद केली. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे जुनी गिटार सीमेवर अडकू शकते. शिसवाच्या कुळातल्या इतर लाकडांच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारतातून खासगीरीत्या बाहेर पाठवणं पुरावस्तू कायद्याने निषिद्ध आहे, आणि घरातला पिढीजात तंबोराही त्यात मोडू शकतो.

मग बोली किती लावायची?

हिशेब उलट्या बाजूने करा. हे वाद्य वाजतं असतं तर बाजारात किती किमतीला मिळालं असतं, तो आकडा आधी घ्या. त्यातून कारागिराने फोटो पाहून सांगितलेला दुरुस्तीचा खर्च वजा करा. मग लिलावसंस्थेची अडत, वाहतूक, विमा आणि परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क व आयजीएसटी वजा करा. न दिसलेल्या दोषासाठी थोडी रक्कम बाजूला काढा. जे उरेल ती तुमची कमाल बोली. ती एकदाच नोंदवा आणि लिलाव संपेपर्यंत तिला हात लावू नका. विकणाऱ्याने ठरवलेल्या राखीव किमतीमुळे वाद्य हातचं गेलं तरी बिघडत नाही, अशी वाद्यं पुन्हा पुन्हा विक्रीला येतात.

आणि बोली लावण्याआधी एक फोन कारागिराला करा. मिरजेत, पुण्यात, मुंबईत आणि गोव्यात वर्षानुवर्षं वाद्यं उघडून बसलेली माणसं आजही आहेत. चार फोटो पाहून ती सांगतात की हे उभं राहील, हे नाही. त्यांच्या या सल्ल्याचे पैसे द्या. लिलावातून आलेलं वाद्य शेवटी त्यांच्याच हातून वाजतं होणार आहे, आणि ते हात टिकले नाहीत तर कितीही स्वस्तात मिळालेलं वाद्य पुन्हा सुरात आणायला कोणी उरणार नाही.