कच्च्या आवृत्तीचं पक्कं काम

वीजबिल भरलं, रेल्वेचं आरक्षण केलं, सातबारा ऑनलाइन काढला, की प्रत्येक वेळी पडद्यामागे दोन वेगळ्या जगांची गाठ पडते. एका बाजूला असतो डेटाबेस: रकाने पाडलेली टेबलं आणि त्यांत ओळीखाली ओळी. दुसऱ्या बाजूला असतो प्रोग्रामरने लिहिलेला कोड. तो ही माहिती मागतो, तपासतो, बदलतो आणि आपल्या स्क्रीनवर आणतो. दोघांची भाषा वेगळी आणि माहिती मांडायची रीतही वेगळी. त्यामुळे मधली सगळी जुळवाजुळव प्रोग्रामर वर्षानुवर्षं हाताने करत आले. हे काम कंटाळवाणं तर आहेच, पण चुकांना सर्वांत जास्त वाव देणारंही आहे.

ते यंत्राकडे सोपवण्याचा एक मोठा प्रयत्न सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला लोकांसमोर आला. मायक्रोसॉफ्टच्या डेव्हलपर परिषदेत सी-शार्प भाषेचे प्रमुख रचनाकार अँडर्स हाइल्सबर्ग यांनी 'लँग्वेज इंटिग्रेटेड क्वेरी', म्हणजे 'लिंक', ही कल्पना मांडली. तिचा डेटाबेसशी बोलणारा भाग तेव्हा 'डीलिंक' या नावाने ओळखला जाई आणि त्याच्या सोबतीला 'एसक्यूएल मेटल' नावाचं एक छोटं साधन होतं. त्याला डेटाबेसचा पत्ता द्यायचा. ते टेबलं वाचून सी-शार्पचा कोड आपणच लिहून देणार. त्या दिवसांत हाती आलेली ही आवृत्ती अगदी प्राथमिक होती. ज्या व्हिज्युअल स्टुडिओ २००५ वर ती चालायची, तोही अजून बीटा अवस्थेतच होता. कच्च्या पायावर कच्चं बांधकाम, आणि तरीही ते जगासमोर ठेवलं गेलं. असं का करावं लागतं, हे समजून घ्यायचं तर आधी हे साधन नेमकं काय करतं ते पाहायला हवं.

दोन जगं, दोन रीती

आजच्या बहुतेक डेटाबेसची मुळं १९७० च्या एका शोधनिबंधात आहेत. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या, गणिती भाषेत 'रिलेशन'च्या, रूपात साठवण्याची पद्धत सुचवली. त्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी प्रश्न विचारायची भाषा मांडली. तिचंच पुढे 'एसक्यूएल' झालं.

टेबलांच्या जगात ग्राहक एका टेबलात आणि त्याच्या ऑर्डरी दुसऱ्या टेबलात असतात. ऑर्डरीच्या ओळीत ग्राहकाचा फक्त क्रमांक लिहिलेला असतो; नातं काय ते तेवढंच. प्रोग्रामच्या जगात मात्र 'ग्राहक' ही एक वस्तू असते आणि तिच्या पोटातच ऑर्डरींची यादी असते. या विसंगतीला तज्ज्ञ मंडळी 'इम्पिडन्स मिसमॅच' म्हणतात; शब्द विद्युत अभियांत्रिकीतून उसना घेतलेला आहे.

हाताने जुळवाजुळव करताना प्रोग्रामर एसक्यूएलचा प्रश्न अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहितो. कंपायलर हे कोड तपासणारं यंत्र अतिशय चिकित्सक असतं, पण अवतरणचिन्हांच्या आत ते डोकावत नाही. त्याच्या लेखी तो नुसता मजकूर. मग रकान्याच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, किंवा डेटाबेसमध्ये कुणी रकान्याचं नाव बदललं, तरी कोड बिनबोभाट तयार होतो. चूक कळते ती प्रत्यक्ष वापरात, रांगेत उभ्या माणसाचं काम अडतं तेव्हा.

डेटाबेसलाच विचारा

कोड लिहून देणाऱ्या साधनाची मूळ युक्ती सुंदर आहे. चांगला डेटाबेस स्वतःचं वर्णनही टेबलांच्याच रूपात जवळ बाळगतो. कॉड यांनी १९८५ मध्ये रिलेशनल डेटाबेसचे जे प्रसिद्ध नियम मांडले, त्यांतला चौथा नियम हाच: डेटाबेसची रचनासुद्धा नेहमीच्याच भाषेत प्रश्न विचारून कळली पाहिजे. एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणकाने या वर्णनाला ठरावीक रूप दिलं. त्यामुळे साधनाला अंदाज बांधावा लागत नाही. टेबलं कोणती, रकाने कोणते, प्रत्येकात काय प्रकारची माहिती बसते, रकाना रिकामा ठेवता येतो का, कोणतं टेबल कशाशी जोडलेलं आहे, हे सगळं ते थेट डेटाबेसलाच विचारतं. उत्तरांवरून प्रत्येक टेबलासाठी एक क्लास, म्हणजे वस्तूचा साचा, आणि प्रत्येक रकान्यासाठी त्यात एक गुणधर्म लिहितं. आता प्रोग्रामरने रकान्याचं नाव चुकीचं लिहिलं, तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो.

एक उदाहरण जवळून पाहू. मायक्रोसॉफ्टचा 'नॉर्थविंड' हा सरावाचा डेटाबेस जगभरातल्या डेव्हलपरांच्या ओळखीचा आहे. खाद्यपदार्थांची आयात-निर्यात करणारी एक काल्पनिक कंपनी, तिचे ग्राहक, माल आणि कर्मचारी त्यात आहेत. त्यातल्या मालाच्या किमतीचा रकाना 'मनी' प्रकारचा आहे. साधनाने तो 'डेसिमल' प्रकारात उतरवला पाहिजे. दशांशाची अचूकता न पाळणाऱ्या प्रकारात उतरवला तर हिशेबात पैशांचा फरक पडू लागतो. कर्मचाऱ्यांच्या टेबलात 'वरिष्ठ कोण' असा रकाना आहे आणि तो त्याच टेबलातल्या दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवतो. सर्वांत वरच्या अधिकाऱ्यासाठी तो रिकामा आहे. म्हणजे साधनाला स्वतःशीच नातं असलेलं टेबल ओळखता आलं पाहिजे आणि 'शून्य' व 'काहीच नाही' यांतला फरकही पाळता आला पाहिजे. आणखी एका टेबलाच्या नावात, 'ऑर्डर डिटेल्स'मध्ये, मधोमध मोकळी जागा आहे. डेटाबेसला ती चालते, सी-शार्पच्या क्लासच्या नावात चालत नाही. ती जागा भरून काढणंही साधनाच्याच अंगावर येतं.

यातली कोणतीही गोष्ट एकेकटी अवघड नाही. अवघड आहे ती त्यांची संख्या आणि त्यांची सरमिसळ.

प्रयोगशाळेबाहेरची माती

नवं वाण कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कितीही जोमात आलं, तरी काळ्या, लाल, चोपण अशा निरनिराळ्या जमिनींत पेरून पाहिल्याशिवाय त्याची शिफारस होत नाही. कोड लिहून देणाऱ्या साधनाचंही तसंच आहे. ते बनवणाऱ्यांकडे नॉर्थविंडसारखे नीटनेटके डेटाबेस असतात. खऱ्या कचेऱ्यांत मात्र वीस-वीस वर्षांची टेबलं असतात. कुठे ओळीची ओळख पटवणारी प्राथमिक किल्लीच ठेवलेली नसते. कुठे दोन टेबलांचं नातं फक्त कर्मचाऱ्यांच्या डोक्यात असतं, डेटाबेसमध्ये नोंदलेलं नसतं. हे सगळे नमुने आधी कल्पून ठेवणं कोणत्याही चमूला शक्य नाही. म्हणूनच चाचणी आवृत्ती लवकर बाहेर काढणं हा शास्त्रीय पद्धतीचाच भाग आहे. 'आमचं गृहीतक हे आहे, ते कुठे मोडतं ते दाखवा,' असं जगाला केलेलं ते आवाहन असतं.

या आवृत्त्यांच्या पायऱ्याही समजून घेण्यासारख्या आहेत. अगदी सुरुवातीची 'प्रिव्ह्यू' आवृत्ती अर्धवट असते. तिच्यातलं काहीही बदलू शकतं, काढूनही टाकलं जाऊ शकतं. 'बीटा'त बहुतेक सोयी आलेल्या असतात आणि दोष शोधायचे असतात. त्यानंतर अंतिम आवृत्ती. सुरुवातीच्या टप्प्यात बदल स्वस्त असतो. अंतिम आवृत्ती हजारो कार्यालयांत पोचली, की एक नाव बदलायचं म्हटलं तरी तिथला सगळा कोड मोडतो.

डीलिंकच्या बाबतीत हा काळ दोन वर्षांचा होता. पुढे 'लिंक टू एसक्यूएल' हे नाव घेऊन ते नोव्हेंबर २००७ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २००८ सोबत पूर्ण रूपात आलं. दरम्यान त्यात काय बदललं, याचं एक बोलकं उदाहरण आहे. चाचणी आवृत्त्यांत नवी ओळ घालण्यासाठीच्या आज्ञेचं नाव नुसतं 'ॲड' असं होतं. वाचणाऱ्याला वाटावं, आज्ञा दिली की ओळ डेटाबेसमध्ये गेली. प्रत्यक्षात ती थांबून राहायची आणि नंतर 'सगळे बदल पाठव' असं सांगितल्यावरच जायची. अंतिम आवृत्तीत तिचं नाव 'इन्सर्ट ऑन सबमिट' असं स्पष्ट झालं. बीटा होता म्हणून ही दुरुस्ती शक्य झाली.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. साधनाने लिहिलेल्या फाइलमध्ये प्रोग्रामरने स्वतःच्या चार ओळी घातल्या आणि उद्या डेटाबेसमध्ये नवा रकाना आला, तर? साधन पुन्हा चालवलं की फाइल नव्याने लिहिली जाते आणि त्या चार ओळी पुसल्या जातात. यावरचा तोडगा थेट भाषेतच करण्यात आला. एकच क्लास दोन फाइलींत वाटून लिहायची सोय, 'पार्शल क्लास', सी-शार्पमध्ये २००५ मध्ये आली होती; तिला २००७ च्या आवृत्तीत 'पार्शल मेथड'ची जोड मिळाली. एक फाइल यंत्राची, दुसरी माणसाची. यंत्राने आपली फाइल हवी तितक्या वेळा लिहावी, माणसाच्या फाइलला हात लावू नये. यंत्र आणि माणूस यांच्यातली ही वाटणी आजही कोड निर्माण करणाऱ्या कितीतरी साधनांत दिसते.

ऐकायलाही वेळ हवा

लवकर बाहेर काढलं की काम भागलं, असं मात्र नाही. मायक्रोसॉफ्टच्याच 'एंटिटी फ्रेमवर्क' या पुढच्या साधनाच्या चाचणी आवृत्त्या २००६ पासून येत होत्या. तरीही जून २००८ मध्ये, अंतिम आवृत्ती तोंडावर आलेली असताना, अनेक डेव्हलपरांनी जाहीर पत्रक काढून त्याच्यावर अविश्वास व्यक्त केला. साधनाने लिहिलेले क्लास डेटाबेसशी फार घट्ट बांधलेले आहेत, त्यामुळे ते स्वतंत्रपणे तपासता येत नाहीत, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. ऑगस्ट २००८ मध्ये पहिली आवृत्ती आली. तेवढ्या अवधीत मूळ घडण बदलणं शक्य नव्हतं. आक्षेपाला खरं उत्तर मिळालं ते २०१० च्या आवृत्तीत. त्यात साधे, डेटाबेसची जाणीवही नसलेले क्लास वापरायची सोय झाली. २०१२ मध्ये या साधनाचा मूळ कोडच सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि सूचना करणाऱ्याला स्वतः दुरुस्ती पाठवायचीही वाट मिळाली.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, मग अशा साधनांची गरज उरली का, असा प्रश्न साहजिक आहे. गरज उरली आहे, आणि त्याचं कारण स्पष्ट आहे. डेटाबेस वाचून कोड लिहिणारं साधन त्याच रचनेसाठी दर वेळी तोच कोड देतं आणि रकान्याचं नाव कधी मनाने रचत नाही. भाषिक मॉडेल संभाव्यतेवर चालतं. त्याने सुचवलेला रकाना अस्तित्वात असेलच, याची हमी नसते. ती पडताळणी करणारा कडक पहारेकरी म्हणून ही साधनं अधिकच मोलाची ठरतात. २०१९ मध्ये आलेल्या 'एसक्यूएलसी'सारख्या साधनांनी तर दिशाच उलटी केली. त्यात प्रोग्रामर एसक्यूएल स्वतः लिहितो; साधन ते तपासून गो भाषेतला कोड तयार करून देतं.

आपली चाचणी आपणच करायला हवी

चाचणी आवृत्ती हाती आली तर ती कशी वापरावी? चालू कामाच्या डेटाबेसवर कधीही नाही. त्याची नक्कल घ्यावी, तीतून लोकांची नावं आणि फोन नंबर काढून टाकावेत. काही मोडलं, तर दोष दाखवणारं सर्वांत लहान उदाहरण तयार करावं: एक टेबल, दोन रकाने, साधनाचा आवृत्ती क्रमांक, काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं. 'चालत नाही' एवढ्या तक्रारीचा कुणाला उपयोग होत नाही. असं चार ओळींचं टिपण मात्र साधन सुधारतं.

मराठी डेव्हलपरांसाठी इथे खास काम शिल्लक आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या 'व्हारचार' प्रकारच्या नेहमीच्या रकान्यात देवनागरी मजकूर टाकला, तर तिथे प्रश्नचिन्हांची रांग उरू शकते. त्यासाठी 'एनव्हारचार' प्रकार लागतो. साधनाने हा फरक पाळला नाही, तर माणसाचं नावच हरवतं. त्यातही नॉर्थविंडमधल्या कंपनीच्या नावासारखी ४० ची मर्यादा असेल, तर ती आपण मोजतो त्या अक्षरांची नसते. 'महाराष्ट्र' वाचताना चार अक्षरं दिसतात; संगणक मात्र काना, हलन्त सगळं धरून दहा मोजतो. नावांचं अनेकवचन ओळखायचे एसक्यूएल मेटलचे नियम इंग्रजीचे आहेत. रोमन लिपीत 'दिवस' नावाचं टेबल केलं, तर शेवटचा 'एस' अनेकवचनाचा समजून तोडला जाऊ शकतो.

साधन बनवणाऱ्यांच्या टेबलांत असं काही येण्याचा संभव कमी. ते येतं पुण्या-नाशिकच्या कंपन्यांत, जिल्हा बँकांत आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत. एंटिटी फ्रेमवर्कसह अशा अनेक साधनांचं काम आज उघड्यावर चालतं आणि दोष नोंदवायला कुणाची परवानगी लागत नाही. सोलापूरच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने देवनागरी मजकुराचा एक दोष नीट पुराव्यासह नोंदवला, तर त्याची दुरुस्ती मराठीबरोबर हिंदीच्या, नेपाळीच्या आणि जोडाक्षरं असलेल्या इतर लिप्यांच्याही कामी येते. त्यासाठी अंतिम आवृत्तीची वाट पाहू नये. बदल स्वस्तात होतो तो आधी, आणि आपल्या भाषेची गरज त्याच वेळी टेबलावर यायला हवी.