ग्लॅडिएटर कसा घडवला जाई?

ग्लॅडिएटर म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. लढाईत पकडलेला कैदी, हाती लागेल ते शस्त्र, भोवती ओरडणारी गर्दी आणि दोघांपैकी एकाचा हमखास मृत्यू. या चित्रात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. रोमन खेळांच्या दिवसाचे साधारण तीन भाग असत: सकाळी जनावरांच्या झुंजी, दुपारी मृत्युदंडाची अंमलबजावणी आणि त्यानंतर ग्लॅडिएटरांच्या लढती. ढाल-शिरस्त्राणाशिवाय माणसे एकमेकांपुढे ढकलली जात ती दुपारच्या भागात. तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या पत्रात जिचा धिक्कार केला, ती हीच कत्तल. तिसऱ्या भागात उतरणारा माणूस मात्र शिकवून तयार केलेला असे. त्याला शिकवण्यामागे दया नव्हती, पैशाचा हिशेब होता, आणि हा हिशेब ध्यानात घेतला की बाकीचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

प्रशिक्षण चाले ते ‘लुडुस’ नावाच्या तालमीत. तिचा मालक ‘लानिस्ता’ ग्लॅडिएटर विकत घेई, पोसे आणि खेळ भरवणाऱ्याला भाड्याने देई. कापुआ आणि पॉम्पेई इथे अशा तालमी होत्या. खुद्द रोममध्ये सम्राटांच्या मालकीच्या चार होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत मोठीचे अवशेष आजही कलोसियमच्या शेजारी दिसतात. ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या कार्नुंटुम इथे २०११ साली जमीन न खोदता, रडारच्या मदतीने एक अख्खी तालीम सापडली. तिच्या गोल सराव-आखाड्याच्या मधोमध लाकडी खांबाची जागा आहे. या खांबावर, ‘पालुस’वर, लाकडी तलवारीने तासन्‌तास घाव घालणे हा शिक्षणाचा पाया होता. तालमीतल्या श्रेणींनाही खांबाचेच नाव होते: अव्वल लढवय्या म्हणजे ‘पहिला पालुस’, त्याखालचा दुसरा. या शिक्षणाचा दर्जा रोमन सैन्यानेही मान्य केला होता. इ. स. पू. १०५ मध्ये कॉन्सल रुटिलियस रुफुस याने सैनिकांना तलवारबाजी शिकवण्यासाठी ग्लॅडिएटरांच्या तालमीतले वस्ताद बोलावले होते.

दुसरा गैरसमज लढण्याच्या शैलीबद्दलचा. ज्या मुलखातला कैदी, त्या मुलखाची शस्त्रे त्याला देत, असे अनेकांना वाटते. आरंभीच्या काळात याला आधार आहे. सॅम्नाइट, गॉल, थ्रेशियन ही नावे रोमने हरवलेल्या शत्रूंचीच होती. पण हे लोक साम्राज्यात सामावत गेले तशी पहिली दोन नावे आखाड्यातून गेली आणि शैली ही शिकून घेण्याची विद्या उरली. सिसिलीत सापडलेला फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरचा समाधिलेख त्याला जन्माने सीरियन म्हणतो, पण तो लढला ‘सेक्यूटर’ म्हणून, आणि या शैलीचा सीरियाशी काहीही संबंध नव्हता. प्रत्येक शैलीला स्वतंत्र वस्ताद असत. ‘थ्रेशियनांचा शिक्षक’, ‘मुर्मिलोंचा शिक्षक’ अशा पदव्या शिलालेखांत कोरलेल्या आहेत.

या शैली सुट्या नव्हत्या, एकमेकींच्या उत्तरादाखल घडवलेल्या होत्या. मुर्मिलोची मोठी ढाल हनुवटीपासून नडगीपर्यंत पोचे, म्हणून त्याच्या डाव्या पायाला आखूड चिलखत पुरे. त्याच्यासमोरच्या थ्रेशियनाची ढाल लहान असे, म्हणून त्याचे पाय मांडीपर्यंत झाकलेले, आणि ढालीला वळसा घालून वार करता यावा म्हणून तलवार वाकडी. रेटिआरियस जाळे आणि त्रिशूळ घेऊन जवळपास उघड्या अंगाने लढे. त्याचा प्रतिस्पर्धी सेक्यूटर. याचे शिरस्त्राण गुळगुळीत, कारण जाळे अडकायला नको. डोळ्यांची भोके बारीक, कारण त्रिशुळाचे टोक आत शिरायला नको. पण त्यामुळे सेक्यूटरला कमी दिसे आणि लवकर धाप लागे, तेव्हा त्याला पळवून दमवणे हा रेटिआरियसचा डाव. एकाला चपळाई हवी, दुसऱ्याला वजन पेलण्याची ताकद. इतक्या बारकाईने तोललेली जोडी न शिकलेल्या माणसांकडून उभी राहणे शक्य नव्हते.

यावर आक्षेप येईल की शेवटी मरायचेच असेल, तर शिकवण्याचा खटाटोप कशाला? उत्तर असे की प्रत्येक लढत मरणाने संपत नसे. फ्लामा तिसाव्या वर्षी वारला तेव्हा त्याच्या नावावर ३४ लढती होत्या: २१ विजय, ९ बरोबरी, आणि हरूनही जीवदान मिळालेल्या ४. पहिल्या शतकातल्या १०० लढतींच्या नोंदी तपासून इतिहासकार झॉर्ज व्हील यांनी १९ मृत्यू मोजले. पुढे प्रख्यात झालेला वैद्य गॅलेन इ. स. १५७ पासून पेर्गामोनच्या ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. बार्ली आणि कडधान्यांवर पोसलेल्या त्यांच्या शरीरांबद्दल आणि जखमांवरच्या उपचारांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. एफेससच्या ग्लॅडिएटर-दफनभूमीतल्या हाडांवरही नीट भरून आलेल्या जखमा दिसतात. आणि हिशेबाचा सर्वांत स्पष्ट पुरावा कायदेपंडित गाइयसच्या ग्रंथात आहे. त्याने दिलेल्या उदाहरणात ग्लॅडिएटर धडधाकट परतला तर २० दिनार, मेला किंवा जायबंदी झाला तर १०००. पहिला व्यवहार भाड्याचा, दुसरा विक्रीचा. पन्नासपट रक्कम मोजावी लागणार असेल, तर खेळ भरवणारा उगीच कोणाला मरू देणार नाही.

मग हे सारे आपण समजतो तितके क्रूर नव्हते, असा निष्कर्ष काढावा का? मुळीच नाही. शंभरात एकोणीस मृत्यू म्हणजे जवळजवळ दर पाच लढतींमागे एक माणूस. स्वखुशीने करार करणाऱ्यालाही जाळून घेण्याची, बांधून घेण्याची, फटके खाण्याची आणि तलवारीने मारले जाण्याची शपथ घ्यावी लागे. इ. स. पू. ७३ मध्ये स्पार्टाकस आणि त्याचे सोबती कापुआच्या तालमीतून निसटले ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन. खरी शस्त्रे त्यांच्या हाती लागू दिली जात नव्हती. ग्लॅडिएटर शिकलेला होता, नीट पोसलेला होता, त्याच्यावर उत्तम वैद्याचे उपचार होत होते, आणि तरीही त्याचा जीव दुसऱ्याच्या मालकीचा होता. भडकलेल्या जमावाची क्रूरता ओसरते. रोमची क्रूरता शतकानुशतके टिकली, कारण वस्ताद, वैद्य, करार आणि दरपत्रक यांनी ती नीटनेटका धंदा बनवली होती. ग्लॅडिएटरला असहाय बळी समजणे जितके चुकीचे, तितकेच त्याला आजच्या खेळाडूसारखा मानणेही चुकीचे. त्याचे कौशल्य खरे होते, आणि त्याची गुलामीही.